कॉलेजचा हात

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. अक्कलकोट रस्त्यावरील ‘गारवा’ परमिट रूमच्या मागच्या आवारात चौदा जुन्या गाड्या उभ्या होत्या, आणि चौदाही आपापल्या इंजिनावर आलेल्या होत्या.

रेवणप्पांनी वहीत चौदाचा आकडा मांडला, त्याखाली पट्टीने रेघ ओढली आणि पेनाचे टोपण लावले. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपचे अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली होती. पण पट्टीशिवाय रेघ ओढायची नाही, हा नेम सुटला नव्हता. जुनी मोटार मंडळाची ही वही बावीस वर्षे त्यांच्याच हाती होती. तीत खाडाखोड एकाही पानावर नव्हती.

“मास्तर, लिवा की! हिंदुराव माढ्यास्नं येका दमात आला. वाटंत पाना सुदिक काडला न्हाय.” जीपच्या टपावरून हुरड्याचे पोते उतरवत मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव ओरडले.

“आल्याचं लिहिलं आहे. दमाचा रकाना वहीत नाही.”

“तुमच्या वहीत मानसाचा रकानाच न्हाय, दमाचा कुटनं येनार?”

आवारात हशा पिकला. स्वयंपाकघराच्या दारातून सुंदरम्मांनी डोके बाहेर काढले. परमिट रूम त्यांच्या नवऱ्याच्या नावावर होती; चालवत मात्र त्याच आल्या होत्या. “हसतंय काय? मागच्या साली तेल सांडून गेलं तुमचं लोक. फरशी चार दिवस घासलं मी. आज खाली पोतं टाकायचं, मगच बॉनेट उघडायचं. कळलं काय?”

“कळलं, अम्मा,” चौदा गाड्यांचे मालक शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणाले.

पाहणाऱ्याला वाटे, ही हौशी मंडळी वर्षातून एकदा गाड्या पुसून आणतात, फोटो काढतात, हुरडा खातात, बाटली उघडतात आणि जातात. प्रत्यक्षात बाटलीचा क्रम शेवटचा होता. त्याआधी परीक्षा होती. गाडी उभी केली की मालकाने स्वतःच्या हाताने इंजिनाचे चारही प्लग आणि त्यांच्या वायरी काढायच्या, साफ करून पोत्यावर मांडायच्या. मग इंजिन पुरते थंड होईपर्यंत जेवणखाण. तीन वाजता सगळे परत जोडायचे आणि सेल्फ स्टार्टर न वापरता, पुढून हँडल मारून गाडी चालू करायची. हँडल जास्तीत जास्त अकरा. अकरात इंजिन लागले तर गाडी ‘हाताची’. नाही लागले तर वर्षभर ‘पाहुणी’. मध्ये कोणी बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. दुसऱ्याच्या इंजिनाला परका हात लागला, तर ती गाडीही पाहुणी आणि हात लावणाऱ्याची गाडीही पाहुणी.

हा नियम राजेसाब मिस्त्रींनी घालून दिला होता. “ज्याला आपली गाडी उघडून बंद करता येत नाही तो मालक नव्हे, पॅसिंजर,” असे ते म्हणत. आणि वहीच्या प्रत्येक वर्षाच्या पानावर हाताच्या गाड्यांत पहिले नाव त्यांचेच असे. दुधी रंगाची मॉरिस मायनर, साल १९५४. एका बंद गिरणीच्या आवारात कोंबड्या अंडी घालत होत्या त्या सांगाड्यातून त्यांनी ती उभी केली होती.

आज मॉरिस त्यांची मुलगी कौसर चालवत आली होती. शेजारच्या सीटवर राजेसाब कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून, गुडघ्यांवर हत्यारांची कातडी पिशवी धरून बसले होते. वय एक्याऐंशी. उतरल्याबरोबर त्यांनी रेवणप्पांचा खांदा दाबला.

“काय अप्पा, आलं का तुझं कालेज?”

“आलंय, राजेभाई.”

ही थट्टा पन्नास वर्षांची होती. डिप्लोमा हाती पडल्यावर १९७४ साली रेवणप्पा राजेसाबांच्या गॅरेजात हात शिकायला गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एका इंजिनाच्या प्लगच्या वायरी सारख्या अंतरावर, एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या बसवल्या. राजेसाबांनी बघितले आणि म्हणाले होते, “वा! नकाशा चांगला काढलास. आता वायरी बसव.” त्यांची स्वतःची रीत त्यांच्या उस्तादांकडून आलेली होती. तिसरी वायर दुसरीच्या खालून घ्यायची, चौथी वरून, आणि चारींचा सैल पेड घालायचा. म्हणजे खड्ड्यात गाडी आपटली तरी वायर निसटत नाही आणि अंधारातही बोटांना कोणती कुठली ते कळते. रेवणप्पांना ती वेणी कधी जमली नाही. कुठल्याही गाडीचे बॉनेट उघडून राजेसाब सांगत, हे गॅरेजचे काम, हे कालेजचे.

“हा कोण?” राजेसाबांनी हिंदुरावांकडे बघत हळूच विचारले. मग स्वतःच म्हणाले, “हां, तात्या. तात्या, ऊस गेला का कारखान्याला?”

तात्या म्हणजे हिंदुरावांचे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. हिंदुराव टोपी सारखी करत म्हणाले, “व्हय मिस्त्री, गेला की. लई वजन भरलं औंदा.”

राजेसाब समाधानाने आपल्या गाडीकडे वळले. कौसरने रेवणप्पांना चिंचेच्या झाडाकडे बाजूला घेतले. ती उर्दू शाळेत शिक्षिका होती; बोलणे मोजके.

“काका, आज एक ठरलंय. तुम्हाला माहीत असलेलं बरं. गेल्या महिन्यात अब्बूंनी गॅरेजात पेट्रोलचा डबा उघडा ठेवला आणि शेजारीच चहाला स्टोव्ह पेटवला. शेजारच्या शाइस्तानं बघितलं म्हणून निभावलं. माझा भाऊ अझरुद्दीन पुण्याहून आला. म्हणाला, गॅरेजची किल्ली काढून घे. घरात तीन दिवस कुणी जेवलं नाही.”

“मग?”

“मग अब्बूंनीच तोड काढली. म्हणाले, पाच तारखेला मंडळासमोर गाडी उघडून बंद करीन. अकरा हँडलांत लागली तर किल्ली माझ्या खिशात राहील. नाही लागली तर मीच काढून देईन, कुणी मागायची गरज नाही.”

रेवणप्पांनी मॉरिसकडे पाहिले. राजेसाब पोत्यावर मांडी घालून प्लग मांडत होते. चारही एका ओळीत, तोंडे एकाच दिशेला.

“लागेल,” रेवणप्पा म्हणाले. “लागलीच पाहिजे.”

“मी काय मागू तेच मला कळत नाही, काका,” कौसर म्हणाली. “किल्ली राहिली तर माझं शाळेत लक्ष लागत नाही. गेली तर ते दिवसभर करतील काय?”

दुपारी जेवणे झाली. सुंदरम्मांची कडक भाकरी, शेंगाचटणी, हिंदुरावांचा हुरडा. राजेसाबांनी लिंबू-सोडा घेतला आणि अर्ध्यावर थांबून कौसरला विचारले, “अमिनानं डबा दिला नाही का आज?” कौसर म्हणाली, “आज इथंच जेवण होतं ना अब्बू.” तिच्या आईला, अमिनाबींना, जाऊन तीन वर्षे झाली होती. राजेसाबांनी मान डोलावली.

रेवणप्पांनी भाकरी बाजूला सारली. शेवटी बोलता बोलता, जणू सहज आठवले म्हणून, त्यांनी विचारले, “राजेभाई, मॉरिसची फायरिंग ऑर्डर काय हो? परवा मला कुणीतरी विचारलं.”

राजेसाबांची बोटे टेबलावर आपोआप वाजली. “एक, तीन, चार, दोन. वा रे मास्तर! पोरांना जन्मभर शिकवलंस आणि मला विचारतोस? पगार परत कर सरकारला.”

सगळे हसले. रेवणप्पाही हसले. तेवढ्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. इंजिनाच्या चार नळकांड्यांत ठिणगी कोणत्या क्रमाने पडायची, हे ज्याच्या बोटांत इतके मुरलेले आहे त्याचे काय चुकणार?

तीन वाजता घंटा झाली. एकेक बॉनेट बंद होऊ लागले, एकेक इंजिन लागू लागले. अँबॅसिडर तिसऱ्या हँडलला. हेराल्ड सहाव्या. रेवणप्पांची स्वतःची फियाट पाचव्या हँडलला, दरवर्षीप्रमाणे. हिंदुरावांची जीप दहाव्याला लागली, तेव्हा त्यांनी घाम पुसत वहीकडे बोट केले. “लिवा. आन् बगा, आज माज्या भाच्याला घरीच ठिवलाय. चार सालामागं त्यानं निस्तं बोट दाकवलं, तर ह्या मास्तरनं माजी जीप वरीसभर पाहुनी केली हुती. दया न्हाय, माया न्हाय.”

“नियम होता,” रेवणप्पा म्हणाले.

चार वाजून पाच मिनिटांनी तेरा गाड्या हाताच्या झाल्या होत्या. उरली मॉरिस. राजेसाबांना जोडायला वेळ लागला होता आणि कोणी घाई केली नव्हती. त्यांनी बॉनेट लावले, हात पुसले, बंपरच्या भोकातून हँडल आत घातले. अंगठा चारही बोटांच्या बाजूलाच ठेवला. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेगळ्या ठेवलेल्या अंगठ्याचे हाड राहत नाही. ते विसरले नव्हते.

पहिले हँडल. काही नाही. दुसरे. इंजिन खोकले. तिसऱ्याला कार्बोरेटरमधून फटकन शिंक आल्यासारखा आवाज झाला आणि बॉनेटच्या फटीतून निळसर धूर डोकावला. चौथ्याला पुन्हा तसेच. दोन ठोके नीट पडत, दोन उलटे.

रेवणप्पांच्या हातातले पेन थांबले. त्या शिंकेचा अर्थ त्यांनी हजारभर मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. एक आणि चार जागेवर आहेत. दोन आणि तीनच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत. गाडीत दुसरा दोष नाही. सकाळी ती दहा किलोमीटर चालून आली आहे. जिभेला आणि बोटांना क्रम तोंडपाठ होता, आणि त्याच बोटांनी वायरी चुकवल्या होत्या.

पाच. सहा. सात. सातव्याला राजेसाब हँडल धरूनच वाकले. कौसर पुढे झाली, तसा त्यांनी हात वर केला. “दम घेतो. असरची वेळ झाली, नमाज पढून येतो. चार बाकी आहेत. मास्तर, सात लिहिलेस ना?”

“सात.”

ते स्वयंपाकघरामागच्या ओट्याकडे गेले. कौसर पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागे गेली. हिंदुरावांनी मंडळींना पुढच्या बाजूला नेले. “चला, म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बगत हुबं राहू नगा. निवांत पढू द्या त्येला.”

आवारात रेवणप्पा एकटे उरले. चौदा गाड्या, एक चिंच, सुंदरम्मांची मांजर. त्यांनी वही फियाटच्या टपावर ठेवली. आयुष्यात त्यांनी कोणाचा पेपर तपासताना अर्धा गुणही वाढवला नव्हता. पुतण्याचाही नाही. आता मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे एक कुलूप लागलेले गॅरेज होते आणि बाहेरच्या बाकावर बसलेला, हात मांडीवर ठेवून रस्ता बघणारा एक माणूस होता.

त्यांनी बॉनेट उचलले. पेड अर्धवट पडला होता. वायरी जागच्या जागी पिळल्या होत्या. दोन आणि तीन काढण्यासाठी चारही मोकळ्या कराव्या लागल्या. त्यांनी त्या काढल्या, बरोबर जागी दाबून बसवल्या, वरून बोट फिरवून खात्री केली आणि बॉनेट हलके लावले. सगळे मिळून दीड मिनिट. हात पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल वापरला आणि तो खिशात घातला.

राजेसाब परतले तेव्हा चेहरा ताजा दिसत होता. मंडळी जमली. त्यांनी हँडल धरले, “बिस्मिल्ला,” म्हणाले आणि आठवे हँडल मारले.

मॉरिस लागली. एका झटक्यात, धूर न सोडता, शिवणयंत्रासारखी. आवारात टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या. हिंदुरावांनी टोपी उडवली. “मिस्त्री, अवो, आटव्याला! माज्या दोन आदी! सुंदरम्मा, बाटल्या काडा!” कौसरने पदर डोळ्यांना लावला, ती रडत होती की हसत होती, ते सांगणे कठीण होते.

राजेसाबांनी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. दरवर्षीप्रमाणे बॉनेट उघडून त्याचे टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर हळूहळू लहान मुलासारखे हसू आले. मग त्यांनी डोळे उघडले, खाली पाहिले, आणि ते हसू तिथेच थांबले.

चार वायरी सारख्या अंतरावर, एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या बसलेल्या होत्या.

राजेसाबांनी त्यांवरून तर्जनी फिरवली. एकदा अशी, एकदा तशी. मग गाडीत हात घालून इंजिन बंद केले. टाळ्या विरल्या.

“अप्पा.”

रेवणप्पा पुढे गेले.

“हे कालेजचं काम आहे,” राजेसाब हळू आवाजात म्हणाले.

रेवणप्पांना खोटे बोलता आले असते. पन्नास वर्षांत त्यांनी त्या माणसाशी खोटे बोलून पाहिले नव्हते, आणि आता शिकायला वेळ नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

“काय उलटं होतं?”

“राजेभाई, जाऊ द्या.”

“सांग. मिस्त्रीला मिस्त्रीनं सांगावं.”

“दोन आणि तीन.”

राजेसाबांची बोटे मडगार्डवर वाजली: एक, तीन, चार, दोन. बरोबर वाजली. त्यांनी ती बोटे डोळ्यांपुढे धरून अशी पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

“दोन आणि तीन. पोरगं गॅरेजात आलं की पहिल्या दिवशी शिकवतो ते.” मग ते रेवणप्पांकडे वळले. आवाजात राग नव्हता, आणि तेच रेवणप्पांना सोसवेना. “तू हात लावला नसतास, तर अकरा झाले असते. मी म्हटलं असतं, थंडी आहे, तेल जाड झालंय, इंजिन म्हातारं झालं. किल्ली तर दिलीच असती. पण गाडीला नाव ठेवून दिली असती, अप्पा. आता कुणाला नाव ठेवू?”

रेवणप्पांनी खिशातला रुमाल काढला, त्यावरचे काळे डाग पाहिले आणि तो परत खिशात घातला.

हिंदुराव मध्ये आले. “काय वायरीचं घिऊन बसला, मिस्त्री? कोन बगितलंय? गाडी लागली का न्हाय? मास्तर, लिवा हाताची म्हनून. मी अध्यक्ष सांगतो. लिवा!”

“मी बघितलं की,” राजेसाब म्हणाले. “तात्या, तुझ्या पोराची जीप आपण पाहुणी केली होती. एका बोटासाठी. इथं तर पूर्ण हात आहे.”

हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. “व्हय मिस्त्री,” एवढेच म्हणाले.

राजेसाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून गॅरेजची किल्ली काढली. पितळी, दोऱ्यात ओवलेली. दोरा बोटांच्या तेलाने काळा पडलेला. ती त्यांनी कौसरच्या हातावर ठेवली आणि तिची बोटे स्वतःच मिटली. “अझरला फोन कर. म्हणावं, अब्बूंनी आपल्या हातानं दिली.” मग म्हणाले, “अमिनाला मी सांगतो.”

कौसरने वडिलांचा हात धरला आणि हत्यारांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

जाण्याआधी राजेसाब पुन्हा बॉनेटवर वाकले. त्यांनी रेवणप्पांना जवळ बोलावले. “ये इकडे. क्रम तू बघ, पेड मी घालतो.” तिसरी दुसरीच्या खालून, चौथी वरून. वेणी सैल, सारखी, पहिल्यासारखी पडली. रेवणप्पा प्रत्येक वायरीला आकडा सांगत गेले. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्या बॉनेटखाली दोघांचे हात एकत्र चालले होते.

“आता घरापर्यंत निसटणार नाही,” राजेसाब म्हणाले.

मॉरिस रस्त्याला लागली आणि सोलापूरच्या दिशेने दिसेनाशी झाली. आवारात कोणी बाटली उघडली नाही. सुंदरम्मा बाहेर आल्या, पोत्यांवर तेलाचे डाग पाहिले आणि या वेळी काही न बोलता पोती गोळा करू लागल्या.

रेवणप्पांनी फियाटच्या टपावरून वही घेतली. हाताच्या गाड्यांत पहिल्या ओळीवर, राजेसाबांचे नाव दरवर्षी जिथे असे, ती जागा त्यांनी सकाळीच मोकळी सोडली होती. ती मोकळीच ठेवली. पट्टी लावून स्वतःच्या फियाटच्या नावावर रेघ ओढली. बावीस वर्षांतली ती पहिली खाडाखोड. मग पाहुण्या गाड्यांच्या रकान्यात दोन नावे लिहिली, मॉरिसचे वर, फियाटचे खाली, आणि वेळ मांडली: पाच वाजून वीस मिनिटे.

आलेल्या गाड्या चौदा. चालू झालेल्या चौदा. हाताच्या बारा.